जुन्या हेडचा पॅटर्न

चिंचवड,
डिसेंबर १९७६

प्रिय मन्सूर,

परवा रविवारी सकाळी पूजा आटोपून मी सायकलने चिखलीला गेलो. इंद्रायणीकाठी मेथी-कांदा करणारा ज्योतीराम तुला आठवत असेलच. त्याच्या विहिरीवरचं आमच्या कंपनीचं जुनं इंजिन तूच कितीदा उघडलं आहेस. गेल्या आठवड्यात ते सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. ओट्यावर प्लास्टर घालून बसला होता. मला बघून म्हणाला, "या उद्धवराव! तुमच्याकडं समदे पार्ट मिळत्यात. मनगटाचा हाय का?" मला हसू आलं नाही, तेव्हा बिचाऱ्यालाच ओशाळल्यासारखं झालं. त्याच्या बायकोने, सरूबाईने, चहा दिला. नवं इंजिन का घेतलं नाहीत, असं मी विचारलं. ती म्हणाली, "जुनं चालतंय तवर नवं कोन घेतंय? मन्सूरभाऊ म्हनले, उद्धवराव हायेत तवर पार्टची काळजी न्हाई."

तू खोटं बोलला नव्हतास. तुझ्या चाकणच्या घरी, कमरुन्निसावहिनी आग्रहाने वाढत असताना, मीच तुला तसं म्हटलं होतं.

आमच्या नव्या इंजिनाला सुरू करताना दाब सोडायचा खटका आहे, म्हणून त्याचं हँडल उलटत नाही. जुन्याला तो नाही, आणि तो ज्यात बसवलाय ते नव्याचं हेड, सिलिंडरवरचं ते झाकण, जुन्यावर बसत नाही. तरी आम्ही जुनी हेडं ओतत राहिलो. ती कधी थांबवायची हे साहेबांनी माझ्यावर सोडलं होतं. स्पेअर तुम्ही बघता, तुम्हीच सांगा, म्हणायचे. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला विषय निघे. खंडेनवमीला मशीनची, हत्यारांची पूजा करताना, ज्याच्यावरून वाळूत साचा उठवतात त्या लाकडी पॅटर्नांनाही मी हळदकुंकू लावतो. त्यात या जुन्या हेडचा पॅटर्नही असायचा. मग मी साहेबांना सांगायचो, पूजा झालेली वस्तू यंदा मोडायला नको. साहेब माझ्या श्रद्धेचा मान राखायचे. यंदा फाउंड्रीतला खंडू म्हणाला, "काका, ह्या म्हाताऱ्याला दरसाल तुमीच नवरदेव करता!" मी त्याला दटावलं. पण रात्री हरिपाठाला बसलो तेव्हा त्याचंच वाक्य मध्ये येत राहिलं. मी देवाला पुढे करून त्याच्या मागे लपत होतो.

खरं कारण तू होतास. पिंपरीच्या त्या पत्र्याच्या खोलीत आपण एका स्टोव्हवर दोन भांडी ठेवायचो, तुझं वेगळं आणि माझं वेगळं. एकादशीला माझं भांडं चढायचं नाही, तर तूही डाळ न करता नुसता पाव खायचास. तू इंजिनदुरुस्तीचं दुकान काढलंस तेव्हा मला धीर नव्हता, तुला होता. नव्या इंजिनाला तू सून म्हणायचास आणि जुन्याला सासू. "सून दिसायला बरी आहे भावा, पण घर अजून सासूच चालवते." मी खूप हसायचो, आणि परत येऊन आणखी हेडं ओतायला सांगायचो. मागच्या पत्रात तू कळवलंस की पार खेडपर्यंतची जुनी इंजिनं गोळा करून ठेवली आहेस, दुरुस्त करून विकणार आहेस. तेव्हाच तुला थांब म्हणायला हवं होतं. मी फक्त बरं आहे, एवढंच लिहिलं.

काल मी साहेबांना सांगितलं, जुन्या हेडचं ओतकाम बंद. मग खंडूकडून कुऱ्हाड घेतली आणि पॅटर्न स्वतः फोडला. नुसता फळीवर ठेवला असता तर तुझं पत्र आल्यावर मी तो पुन्हा खाली काढला असता. आता थोड्याच दिवसांत डीलरकडून तुला कागद येईल. कंपनीने ठरवलं, असं त्यात असेल. तू कंपनीला चार शिव्या देशील आणि मला नेहमीसारखं ईदला जेवायला बोलावशील. तसं होऊ नये म्हणून आधी लिहितो आहे. कंपनीने नाही, मन्सूर, मी ठरवलं. तुझ्या दारात ती सगळी इंजिनं उभी आहेत, हे माहीत असून ठरवलं.

तू मानशील तर अजूनही तुझाच,
उद्धव