माझे शंभर भरणार

१ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. रोज, न चुकता. पुढे माझ्यावर लिहिणाऱ्यांची सोय व्हायला हवी.
तर परिस्थिती अशी : पाण्याच्या टाकीवर बसवायचं माझं यंत्र. टाकी भरली की मालकाच्या फोनवर गोड आवाजात 'भरली!' असं सांगतं. आवाज माझाच. यंत्र जवळजवळ फुकट द्यायचं आणि वर्गणी दर महिन्याला घ्यायची. याला रिकरिंग रेव्हेन्यू म्हणतात. म्हणजे आपण झोपायचं आणि पैशांनी चालत यायचं. आजचे ग्राहक अठ्ठेचाळीस.
हिची अट : जूनअखेर शंभर ग्राहक, नाहीतर हिच्या भावाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात काउंटरवर बसायचं. मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, 'माझे शंभर भरणार'. मेहुणा वाचून इतका हसला की चहा सांडला. धंद्यातली दूरदृष्टी त्याला काय कळणार.

९ मार्च
मधले दिवस लिहायला फुरसत नव्हती. झोप येत होती.
पलीकडच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर यंत्रावर बेहद्द खूश. पूर्वी टाकी वाहून भिंतीला ओल यायची. आता 'भरली!' ऐकलं की हातातलं काम टाकून पंप बंद करायला पळतात. हातात कुणाची दाढ असली तर काय, ते विचारलं नाही.

३१ मार्च, दुपारी
पहिलं बिलिंग! फोन बासष्ट वेळा वाजला. प्रत्येक वेळी हिला जाऊन सांगितलं. चाळिसाव्यानंतर तिने आतून कडी लावली. एवढा आनंद एकदम पेलवत नाही माणसाला.

७ एप्रिल
डॉक्टरांनी वर्गणी बंद केली. विचारलं, यंत्र बिघडलं का? छे, उत्तम आहे म्हणाले. महिनाभर बघितलं, टाकी बरोबर पंचवीस मिनिटांत भरते. ते एकदा कळलं, आता दर महिन्याला पैसे देऊन तेच काय ऐकायचं?
एखादा अपवाद असतोच.

१५ एप्रिल
आणखी चौदा अपवाद. कुणाची वीस मिनिटं, कुणाची चाळीस. माझंच यंत्र घरोघर जाऊन गिऱ्हाइकांना शहाणं करतंय. घरभेदी कुठलं.
विचार केला. दोष यंत्राचा नाही, सोडून जाणं फार सोपं ठेवलंय. सॉफ्टवेअरवालीला सांगितलं, ॲपमधलं 'वर्गणी बंद करा' हे बटण जरा आडबाजूला ठेवा. तिने विचारलं, किती आडबाजूला? म्हटलं, मलासुद्धा सापडता कामा नये.

१ मे
काल बिलिंगचा दिवस. छदाम आला नाही. बँकेला चार फोन केले, चारही वेळा आवाज चढवून. शेवटी सॉफ्टवेअरवालीने शोधून काढलं. बिल दर एकतीस तारखेला जातं, आणि एप्रिलला एकतीस तारीखच नाही. हे सेटिंग कुणी केलं होतं यात शिरण्यात अर्थ नाही. कॅलेंडर मी बनवलेलं नाही.

३१ मे
दोन महिन्यांचे पैसे एकदम कापून घेतले. डोकं लागतं.

३ जून
लोक खवळलेत. न सांगता दुप्पट घेतले म्हणतात. बटण सापडेना, म्हणून बँकेत जाऊन माझी वसुलीच ब्लॉक करून आले. एवढ्या हेलपाट्यांपेक्षा वर्गणी स्वस्त पडली असती, पण लोकांना हिशोब नाही.
चालू ग्राहक : एक. शंभराची सुरुवात एकापासूनच होते.
मेहुण्याचा फोन. विचारत होता, काय, भरले का शंभर? आणि पुन्हा तेच हसणं. आत्ता कुठे डोक्यात प्रकाश पडला. भिंतीवरचा कागद काढून टाकला. रंग खराब होत होता.

१२ जून
हा एकटा राहिलेला ग्राहक, क्रमांक सात. तक्रार नाही, फोन नाही. दुप्पट घेतले तरी चकार शब्द नाही. माझ्याकडे नाव दिसत नाही, नुसता नंबर. लोकांची प्रायव्हसी मी फार जपतो. पण माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. निवृत्त, करारी, शब्दाचा पक्का. हिला म्हटलं, अशी माणसं आता राहिली नाहीत. ही भाजी निवडत होती.

३० जून, संध्याकाळी
बिलाची तारीख तीस केली आहे. फेब्रुवारीचं फेब्रुवारीत बघू.
सात नंबरचे पैसे दुपारी बिनबोभाट आले. राहवलं नाही. ॲपमधून निरोप पाठवला : 'आदरणीय क्रमांक सात, आपण आमचे आधारस्तंभ आहात.' तेवढ्यात स्वयंपाकघरात हिचा फोन वाजला. योगायोग.
खात्रीसाठी पुन्हा पाठवला. पुन्हा योगायोग.

१ जुलै
दुकानात पहिला दिवस. स्टूल उंच आहे, पाय टेकत नाहीत. पहिलं गिऱ्हाईक दातांचे डॉक्टर. पंचवीस मिनिटांनी वाजेल असा टायमर हवा होता. पैसे एकदाच द्यायचे ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.
घरी आल्यावर हिने आपणहून सांगितलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला माझे जेमतेम सहा ग्राहक होते. माझा चेहरा हिला बघवेना, म्हणून हिने स्वतःच्या पगारातून आमच्याच टाकीची वर्गणी सुरू केली. सातवी. मला खरंच भरून आलं. इतके महिने घरात वावरत होती आणि एका शब्दाने बोलली नाही. म्हटलं, सगळे सोडून गेले, तुझा विश्वास तेवढा ढळला नाही.
म्हणाली, विश्वास कसला डोंबलाचा. एप्रिलपासून बंद करायला बघतेय, बटण सापडत नाही. तुलाच विचारावं तर तुझं तोंड एवढंसं झालं असतं.
मग दोघांनी मिळून शोधलं. आधी तिने, मग मी, मग चष्मा लावून मी. तासभर.
नाही सापडलं. म्हणजे तीस जुलैची वर्गणी पक्की.