आपल्या तळ्यावर भराव टाकू नकोस

धाकट्या, ताईचा आशीर्वाद, आणि एक धपाटा राखून ठेवलाय.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं कोण ऐकतंय! तुझ्या बायकोचा खोकला थांबला का?

माझी नात बुजलेली तळी पुन्हा जिवंत करायचं काम करते; तिच्या माणसांनी इथलं बुजवलेलं तळं उकरलं. मी तिला म्हटलं, "या चिखलात काय उगवणार, तुझं कपाळ?" तर पाणी लागताच लव्हाळे उगवले, कुणी न पेरता! बी इतकी वर्षं गाळात निजून होतं म्हणे.

लहानपणी आपल्या तळ्यातल्या लव्हाळ्यांची टोपी घालून तू राजा व्हायचास. राजाचा शेंबूड मी पुसायचे.

आपलं तळं मेलं म्हणून तू भराव टाकणार, असं तुझ्या सुनेनं कळवलं. मेलं नाही रे, निजलंय. ट्रक परत पाठव. मी आले की टक्कल मापून टोपी विणते.

तुझी ताई