पडवीतलं गाऱ्हाणं

टीचर,

काल बाबांनी पुन्हा ती गोष्ट सांगितली. आमच्याकडे कोणीही नवं माणूस आलं, मग तो व्याही असो की विजेचा मीटर बघायला आलेला वायरमन, त्याला पाण्याआधी ती गोष्ट मिळते. काल माझ्या शाळेत नव्याने रुजू झालेली बाई आली होती. बाबा आरामखुर्चीत सरसावून बसले आणि म्हणाले, "हिच्या टीचरनी माझ्याच पडवेर गाऱ्हाणा घातल्यानी. आणि पयलो होकार कोणी दिलो? मी!" लगेच काका पलीकडून ओरडले, "खोटा! पयलो आवाज माझो." दोघांनाही आता धड ऐकू येत नाही, पण त्या दिवशीचा तो पहिला आवाज मात्र दोघांनाही अजून लख्ख ऐकू येतो. मी आत भाकऱ्या भाजत हसत होते. ती बाई गेल्यावर वाटलं, तुम्हाला लिहावं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता पत्ता कोणाला विचारायचा हाही प्रश्न नाही.

आज मी नववीला तुमचाच धडा शिकवला. 'असला तरी', 'असूनही' हे इंग्रजीत कसं सांगायचं, तो. तुम्ही आमच्या फळ्यावर लिहिलं होतंत, 'दो टायर्ड, ही वॉक्ड होम.' दमलेला असला तरी तो चालत घरी गेला. खरं तर यात अवघड वाटावं असं काही नव्हतं, कसालच्या तिठ्यावरून दमून चालत घरी जाणं आम्ही सगळेच रोज करत होतो. पण इंग्रजीत सांगायची वेळ आली की आमची गाडी स्वल्पविरामापाशी बंद पडायची. कोणी पुढे निघालाच तर 'दो' घेऊन वर 'बट'ही घालायचा, आणि तुम्ही खडू टेबलावर आपटून म्हणायचात, "अरे, दो इलो काय बटान गुपचूप घराक जावचा!" उंच, सडपातळ, सुती साडी, उजव्या हाताला घड्याळ, गळ्यात बारीक साखळीतला क्रॉस, आणि तोंडात आमच्यापेक्षा अस्सल मालवणी. तुम्ही वर्गात आलात की मला उगाचच सुट्टी लागल्यासारखं वाटायचं.

माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि फक्त 'दो' म्हणून थांबले. तुम्ही खडू खाली ठेवलात. मग म्हणालात, "तुझे बाबा देवळात गाऱ्हाणा घालतत मां? कसा घालतत ता म्हण बघूया." आमचे बाबा गावकार. देवासमोर नारळ ठेवून सगळ्या गावाच्या वतीने मागणं मागायचा मान त्यांचा, आणि मागे उभ्या असलेल्या लोकांनी प्रत्येक मागण्याला मोठ्याने होकार द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मुलींनी गाऱ्हाणं घालायचं नसतं, पण ऐकून ऐकून मला ते तोंडपाठ. मी म्हटलं, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां अडाणी आसली तरी..." आणि मी पुढे काही बोलायच्या आत अख्खा वर्ग सवयीने गरजला, "व्हय म्हाराजा!" हेडमास्तर धावत आले. त्यांना वाटलं, साप निघाला. तुम्ही वळूनसुद्धा न बघता शांतपणे म्हणालात, "व्याकरण चाललंय, सर." मग माझ्याकडे बोट केलंत, आणि माझ्या तोंडून वाक्य निघालं, अख्खं, अडखळल्याशिवाय. 'इग्नरंट दो वुई आर, वुई आर युअर चिल्ड्रन.' व्हय म्हाराजा!

त्या दिवसापासून आपल्या वर्गाचं इंग्रजी असंच चाललं. नारळ नाही, देऊळ नाही, पण मागणी भरपूर. 'स्मॉल दो द बांगडा इज' म्हटलं की होकार यायचा, आणि सगळ्यात मोठ्याने ओरडायचे ते तुमच्या चर्चला येणारे मागच्या बाकावरचे दोघे. तक्रार घेऊन तुमच्याकडे जायची तर सोयच राहिली नाही. टीचर, बाक मोडका आसा. "मोडको आसलो तरी? पुढे बोल." टीचर, माका ताप इलो. "ताप इलो तरी?" ताप आला तरी काय म्हणणार? कपाळ हात लावून बघायचात आणि ताप खरा निघाला तर तुम्हीच वाक्य पूर्ण करायचात, "तरी चेडू शाळेत इला. आता घराक जा, बाय."

दहावीत मी चांगली पास झाले आणि घरी सगळं अडलं. कॉलेज मालवणला. बाबा वाईट नव्हते, त्यांना माझं कौतुक होतं. पण त्यांचं प्रत्येक वाक्य गोड सुरू व्हायचं आणि 'पण'पाशी येऊन बसायचं. "चेडू हुशार आसा, पण मालवण लांब. शिकाची आवड आसा, पण परतीची एसटी काळोख पडल्यार येता." शेवटी "बघूया". बाबांचं बघूया म्हणजे काय ते आईला आणि मला चांगलंच माहीत होतं. मी दिवसभर काजूच्या बागेत जाऊन रडून यायचे.

आणि मग तुम्ही येता. रविवार आहे, प्रार्थना आटपून थेट आलेल्या दिसता, बगलेत काळी छत्री आणि हातात तुमच्याच माडाचा नारळ. निकाल ऐकून शेजारपाजारचे जमलेले, पडवी भरलेली. आई मला चहा ठेवायला आत पिटाळते. नारळ बघून बाबा समजतात की ही पास झाल्याची भेट, हात पुढे करतात, पण तुम्ही तो त्यांच्या हातात देत नाही. त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवता.

"गावकारानु, माका एक गाऱ्हाणा घालूचा आसा."

"देवळात? तुमी?" बाबांना हसू आवरत नाही.

"देवळात कित्याक? हयसरच. तुमच्या पुढ्यात."

"घाला, टीचर, घाला," काका म्हणतात. सगळ्यांना गंमत वाटत असते.

तुम्ही डोक्यावर पदर घेता, हात जोडता आणि हुबेहूब बाबांच्या सुरात सुरू करता. एक वर्षभर माझ्याकडून ऐकून ऐकून तो सूर तुम्हाला पक्का चढला होता, हे बाबांना कुठे ठाऊक! "बा म्हाराजा! आज जो काय ह्यो नारळ तुझ्या पुढ्यात ठेवलेलो आसा, तो मानान घे. मालवण लांब आसला तरी, एसटी एकच आसली तरी, येताना काळोख पडलो तरी, तिठ्यावर ही टीचर उभी ऱ्हवात आणि घरापर्यंत सोबत करीत. ह्या चेडवाक कॉलेजात धाड रे म्हाराजा!"

पडवीत एकदम शांत होतं. हसणं थांबतं. आणि त्या शांततेत कुठूनतरी एक आवाज येतो, "व्हय म्हाराजा!" मग काय, गाऱ्हाण्याचा सूर आणि पहिला होकार कानावर पडल्यावर आमच्या गावात कोणाचं तोंड बंद राहिलंय? काका, शेजारी, आई, सगळे एका दमात, "व्हय म्हाराजा!" आणि त्यात बाबाही. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान मिळण्याआधी आयुष्यातली कितीतरी वर्षं त्यांनी आजोबांच्या मागे उभं राहून होच म्हटलं होतं. शब्द बाहेर पडल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणे. नारळासमोर सगळ्यांच्या साक्षीने दिलेला होकार गावकार परत घेणार कसा? ते नारळाकडे बघत राहिले, मग उठले आणि पायरीवर एका घावात त्यांनी तो फोडला. "झाला," म्हणाले. "जावंदे चेडू." आणि मग स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईने खोबऱ्याचे तुकडे गुळाबरोबर वाटले.

मी चहा घेऊन बाहेर आले. तुमच्या कपात चहाची भुकटी तरंगत होती. तुम्ही कपात बघितलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "भुकटी आसली तरी चाय बरी आसा." निघताना ती छत्री माझ्या हातात दिलीत. "ओल्ड दो इट इज, इट ओपन्स." दोन वर्षं ती छत्री घेऊन मी मालवणला गेले, आणि दिवेलागणीला एसटीतून उतरले की तिठ्यावर तुम्ही असायचातच. चालता चालता तुम्ही मला इंग्रजीत बोलायला लावायचात आणि मी चुकले की अंधारात हसायचात. टीचर, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा रस्ता. आज मी त्याच बाजूच्या शाळेत तुमचाच विषय शिकवते, आणि तुमची आठवण आली की मला रडू येत नाही, बोलावंसं वाटतं.

शाळेच्या स्मरणिकेत छापायला हे पत्र द्यावं, असं लिहायला बसताना मनात होतं. आता देणार नाही. स्मरणिका आली की बाबा ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चष्मा लावून वाचतात, आणि नंतर काकांना मोठ्याने वाचून दाखवतात. तो पहिला आवाज कोणाचा, यावर दोघांचं म्हातारपण मजेत चाललंय. ते चालू दे. तुम्हाला तर कपातली भुकटी बघूनच कळलं होतं, नाही का? पडवीत सगळे गप्प झाले तेव्हा मी आत चहा गाळत होते. मला एक क्षणसुद्धा धीर धरवला नाही. गाळणी हातातून सोडली, आणि दाराआडून, आवाज होईल तेवढा जाड काढून, मीच ओरडले, "व्हय म्हाराजा!"