घर एक, चुली दोन

तालुका पोंभुर्णा, जि. चंद्रपूर
दि. ९ जून २०२६

चि. सौ. चंदाबाईस,

वामनभाऊचा आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला वाटलं असेल, की आईला काही झालं की काय. तसं काही नाही. आई ठणठणीत आहे, कालच तिनं मला दोनदा रागावलं. तू माझा फोन उचलत नाहीस आणि आयुषच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसलो. पत्र ठेवून दिलंस तरी ते घरातच राहील, कधीतरी उघडशील.

इकडे ऊन अजून उतरलेलं नाही. विहिरीनं तळ दाखवला आहे. आयुषची आयटीआयची परीक्षा झाली, पेपर चांगले गेले असं तोच म्हणतो. तुझी वहिनी बरी आहे. आई मागच्या गुरांच्या कोठ्यात आपलं आपलं रांधून खाते. तिला आमच्याकडचं तिखट सोसत नाही, तुला माहीतच आहे.

या उन्हाळ्यात मला जनगणनेचं काम लागलं. आता फक्त घरं आणि कुटुंबं लिहायची होती, माणसं मोजायला फेब्रुवारीत पुन्हा जायचं आहे. मला माझ्या शाळेचंच गाव मिळालं. छप्पन्नाव्या वर्षी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा घेऊन मी दारोदार फिरलो. त्यात तेंदूपत्त्याचे दिवस. पहाटेच सगळं गाव जंगलात. अकरानंतर माणसं घरी येणार, सावलीत बसून पानांचे पुडे बांधणार, आणि ते घेऊन फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथं, जाणार. तेवढ्या मधल्या वेळात मी त्यांना गाठायचो. त्यांचे हात पुडे बांधण्यात आणि माझं बोट मोबाईलवर. घराला छप्पर कशाचं, पाणी कुठून आणता, मुख्य धान्य कोणतं खाता. या प्रश्नाला सगळीकडे हसू व्हायचं. "तांदूळच खाऊन राह्यलो ना गुरुजी जलमापासून, आता का बदाम लिवता?" घरात लग्न झालेली जोडपी किती, असं विचारलं की म्हाताऱ्या पदर तोंडाला लावायच्या.

या कामात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुटुंब कशाला म्हणायचं. प्रशिक्षणात साहेबांनी विचारलं तेव्हा साऱ्या तालुक्याच्या मास्तरांत मी पहिला हात वर केला. एका छपराखाली राहतात ते कुटुंब नव्हे, एका चुलीवर जेवतात ते कुटुंब. घर एक असलं आणि चुली दोन असल्या तर कुटुंबं दोन. साहेब म्हणाले, शाब्बास. मी फुगून घरी आलो आणि तुझ्या वहिनीला हेच समजावून सांगितलं. ती भांडी घासत होती. मान वर करून तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं.

शाळेच्या गावात झिंगूबाई म्हणून एक म्हातारी आहे. मुलगा चैतू माझाच विद्यार्थी होता. मी गेलो तेव्हा चैतू आणि त्याची बायको पानं घेऊन फळीवर गेले होते, म्हातारी एकटीच. घरात कितीजण, विचारलं. म्हणाली, पाच. ओसरीच्या कोपऱ्यात एक घमेलं पालथं घातलेलं होतं. मास्तराची खोड तुला ठाऊक आहे, लपवलेली वही मला आधी दिसते. घमेलं उचललं, तर खाली तीन दगडांची चूल, राख अजून गरम. म्हटलं, बाई, ही कोणाची?

तिनं माझा हातच धरला. "वेगळं नोका लिवू गुरुजी. पोराचं नाव खराब होते."

मी तिला नियम सांगितला. चूल वेगळी म्हणजे कुटुंब वेगळं. ती म्हणाली, "एका मान्साचं कुटुंब रायते का गुरुजी?"

मी म्हटलं, राहते. आणि लिहून टाकलं. कुटुंबात माणसं, एक. मोठं कर्तव्य बजावल्यासारखा ताठ मानेनं निघालो.

दोन दिवसांनी आपल्या दारात दिव्यानी मॅडम आल्या. नवीनच लागलेली पोरगी आहे, आपलं गाव तिच्याकडे होतं. मला सर सर करते. तिनं विचारलं, सर, कुटुंबात किती सदस्य? मी म्हटलं, चार. मी, रीता, आयुष आणि आई. चंदाबाई, झिंगूबाईनं खोटं सांगितलं तेव्हा तिनं चूल तरी झाकून ठेवली होती. मी अगदी सहज सांगितलं.

पोरीनं चार लिहिले आणि तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "बाई, इकडं ये वं. माही चूल वेगळी हाय. मले वेगळं लिव."

पोरगी माझ्याकडे पाहू लागली. मी भिंतीकडे पाहू लागलो. ती कोठ्यात गेली, आईजवळ बसली, सगळं रीतसर विचारलं. मला इथं ओसरीवर एकेक शब्द ऐकू येत होता. कुटुंबप्रमुखाचं नाव? रुखमाबाई. सदस्य? एक. स्वयंपाकाला इंधन? काड्या. परत येऊन तिनं माझे चार खोडून तीन केले आणि खाली मान घालून म्हणाली, "सॉरी सर, तुम्हीच प्रशिक्षणात सांगितलं होतं." महाराष्ट्रात किती कुटुंबं आहेत तो आकडा पुढेमागे येईल. त्यात एक कुटुंब माझ्यामुळे वाढलेलं आहे.

आता जे लिहायचं होतं ते लिहितो. तिखटाचं वर लिहिलं ते खोटं आहे. मी ते खोडत नाही, तुला दिसू दे की पत्राच्या सुरुवातीलाही माझ्या हातून तेच आलं.

गेल्या भाऊबीजेला तू आलीस, आईला कोठ्यात धुरात फुंकताना पाहिलंस आणि अंगणात सगळ्यांसमोर तुझ्या वहिनीला म्हणालीस, "सासूले कोठ्यात टाकलं तूनं, तुह्याही पोटी पोरगाच हाय, ध्यानात ठेव." आरतीचं ताट तसंच ठेवून, पाणीही न पिता वरोऱ्याच्या गाडीत बसलीस. तेव्हा मी पाटावर बसलो होतो, टोपी घालून, कपाळ पुढे करून. एक शब्द बोललो असतो तर तू थांबली असतीस. मी बोललो नाही.

ती चूल रीतानं मांडायला लावली नाही. मी लावली.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. आपला लटारू तुला आठवतो ना? चाळीस वर्षं गावाची गुरं राखली त्यानं, तुला लहानपणी खांद्यावर बसवून नाल्यापलीकडे न्यायचा. आता त्याला नीट दिसत नाही, मागेपुढे कोणी नाही. आई दुपारी त्याला एक ताट वाढायची. त्या दिवशी शाळेत तपासणी झाली होती, मोठ्या साहेबांनी पोरांसमोर माझी खरडपट्टी काढली होती. भुकेला घरी आलो तर लटारू ओसरीवर जेवत होता आणि गंजातलं वरण संपलेलं. साहेबाचा राग मी आईवर काढला. म्हणालो, "ही का धर्मशाळा हाय? माह्या पगारावर पेटते इथची चूल!"

आईच्या हातात पळी होती, ती तिनं खाली ठेवली. लटारू अर्ध्या ताटावरून उठला, भिंत चाचपत निघून गेला. दुसऱ्या दिवशी आईनं रिकाम्या कोठ्यात तीन दगड मांडले. रीता रडली, पाया पडली. आई तिला म्हणाली, "तुह्यावर राग नाई वं. माह्या पोटाले तिखट सोसत नाई." हेच आईनं तुलाही सांगितलं. पोराची इज्जत झाकत होती ती. तू विश्वास ठेवला नाहीस, आणि सून दिसली म्हणून सुनेवर गेलीस. तुझी चूक एवढीच. बाकी सगळी माझी.

दिव्यानी मॅडम येऊन गेल्या, त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी कोठ्यात गेलो. रविवारी मी शाळेच्या गावी भजनाला जातो, तर मी येईन असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आत लाखोळीच्या वरणाचा वास. लटारू जेवत होता, आई भाकर थापत होती, आणि तिसरं एक ताट वाढलेलं होतं. ताटाच्या काठावर नाव कोरलेलं होतं, रीताच्या माहेरचं आंदणाचं ताट. रीता त्या ताटापुढेच बसली होती, घास हातात.

मी म्हटलं, तू इथं?

लटारूच उत्तरला, त्याला मी दिसलो नव्हतो, आवाज ओळखला. "वहिनी त रोजच बसते इथी, गुरुजी. तुमी शाळेत रायता तवा."

दहा महिने, चंदाबाई. मी शाळेला निघालो की माझी बायको माझ्या आईच्या चुलीवर जेवत होती, सुटीच्या दिवशी आयुषसुद्धा. संध्याकाळी मला वाढून माझ्यासोबत नावाला दोन घास खायची, आणि मी म्हणायचो, हिचं वय झालं, भूक मेली. मग दिव्यानी मॅडमनं चार खोडून तीन केले ते तरी कुठं बरोबर होतं? त्या घरात एका माणसाचं कुटुंब एकच होतं. ते मी.

मी तिथंच दारात खाली बसलो. आईला म्हटलं, मले वाढतं का? तिनं वर पाहिलं नाही. तव्यावरची भाकर उलटवली आणि म्हणाली, "लटारूच्या बाजूनं बस. आधी त्याले वाढन, मंग तुले." मी बसलो. लटारूनं हात पुढे करून माझा गुडघा चाचपला आणि थोडा सरकला. वरणात तिखट चांगलं झणझणीत होतं.

तेव्हापासून आम्ही सगळे तिथंच जेवतो. गॅसवर फक्त चहा होतो. झिंगूबाईकडेही परत जाऊन आलो, माफी मागितली. तिथं काही बदललेलं नाही. चहा मात्र पाजला तिनं, त्याच तीन दगडांवर.

हे पत्र लिहितो म्हटल्यावर रीता म्हणाली, "दहा महिने लागले तुमाले एवढं लिव्हाले." आणि उठून गेली. बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. तुझं ते बोलणं ती विसरलेली नाही. पण दर सणाला तुझ्या वाटच्या वड्या डब्यात घालून ठेवते आणि आयुषला म्हणते, आत्या आली त देजो. डबा भरत आला आहे.

माझ्याशी बोलू नकोस, तो तुझा हक्क आहे. पण एकदा ये आणि तिच्याशी बोल. माझ्या वाटचा बोल तिनं खाल्ला आहे, तो मला तिच्यावरून उचलता येत नाही, तुलाच उचलता येईल. आरतीचं ताट आईनं घरातल्या भिंतीच्या फळीवर तसंच ठेवलं आहे, त्यातली सुपारीही हलवू देत नाही.

फेब्रुवारीत माणसं मोजायला येतील तेव्हा तू वरोऱ्याच्या घरातच मोजली जाशील, तेच बरोबर आहे. इथं चूल एकच लागेल आणि प्रमुख म्हणून रुखमाबाईचं नाव. मी दिव्यानी मॅडमना सांगून ठेवलं आहे. त्यांनी विचारलं, सर, मग तुमचं प्रमुखाशी नातं काय लिहू? मी म्हटलं, मुलगा. लिहा, मुलगा.

रुखमाबाईच्या चुलीवर, लटारूच्या बाजूला बसून जेवणारा,
तुझा वामनभाऊ