राजकन्या, बैल आणि कासरा धरणारा

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा खोकला थांबला का? आई मजेत आहे. गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्या नावाने कुरकुरते, दोन्ही नेमाने चालू.

पुढच्या महिन्यात माझं प्रदर्शन आहे. रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी घराच्या भिंतींवर पुराणकथा रंगवल्या होत्या, त्यांवरून मी फोटो काढलेत. खरी माणसं, खरी जनावरं. हंस भलताच तापट निघाला, चावलाच मॉडेलला. शिकारी कुत्री मात्र वाटीभर दुधावर गरीब झाली. मागच्या भिंतीला तो जुना विटकरी लाल यावा म्हणून रंगाऱ्याला मी रडकुंडीला आणलं.

सगळ्यात अवघड बैल. देवांचा राजा पांढऱ्या बैलाचं रूप घेतो, राजकन्या भाबडेपणाने त्याच्या पाठीवर बसते आणि तो तिला समुद्रापार नेतो, अशी कथा. शांत, पांढरा बैल आणायचा कुठून? जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी एका गोठ्यातून आणून दिला आणि स्वतः कासरा धरून उभे राहिले.

डॉक्टर कोण, ते तुला कळलं असेल. इथे दुसरे आहेत तरी कुठे? आधी मी त्यांना भाऊजी म्हणायचे. तुमचा घटस्फोट झाल्यावर काय म्हणावं ते सुचेना, म्हणून 'डॉक्टर'वर आले.

आयत्या वेळी मॉडेल घाबरली. मग मीच तिचा वेश चढवला, कॅमेरा माझ्या असिस्टंटच्या हाती दिला आणि बसले. बैल हलला, मी घसरायला लागले.

"मांड्या आवळू नकोस. त्याला वाटतं तू घाबरलीस," डॉक्टर म्हणाले.

"घाबरलेच आहे."

"मग त्याला कळू देऊ नकोस."

फोटो छान आला. ज्या चित्रावरून केला त्यात राजकन्या समोर बघते. मी बघतेय कासरा धरलेल्या माणसाकडे. असिस्टंटने विचारलं, "मॅडम, हा कडेचा माणूस कापून टाकू?" मी म्हटलं, "राहू दे."

फोटो त्यांना दाखवायला नेला. ते दवाखान्यात हात धूत होते. हात पुसून फोटो जवळ धरला. मग म्हणाले, "मला वाटलं, हे फक्त मलाच होतंय."

ही उन्हाळ्यातली गोष्ट. पावसाळा आम्ही एकमेकांना टाळण्यात घालवला. जमलं नाही. ताई, आम्ही लग्न करायचं ठरवलंय.

तू त्या घरात होतीस तेव्हा माझ्या मनात असलं काही नव्हतं. तू मानशील की नाही, ठाऊक नाही. त्यांना माणसांपेक्षा जनावरं जास्त कळतात असं तू म्हणायचीस. अजूनही तसंच आहे. गाय अडली की जेवता जेवता उठून जातात. मीही कामात घरदार विसरते, त्यामुळे आमची फिटंफाट होते.

आईला अजून सांगितलेलं नाही. प्रदर्शनात चार ओळखीचे येतील, फोटो बघतील आणि तिखटमीठ लावून तुझ्या कानावर घालतील. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं. परवानगी मागत नाही. तू नको म्हणालीस तरी लग्न करीन, फक्त ते सुखाचं वाटणार नाही.

फोटो भिंतीवर लावायचा की नाही, हे मात्र तू ठरव. नको म्हणालीस तर ती जागा मोकळी ठेवीन.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी रडेन आणि तू म्हणशील ते कबूल करीन. लिही. नुसत्या शिव्या असल्या तरी चालतील.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझी
धाकटी