साठ मीटरची तूट

अंधेरी (पूर्व)
३ नोव्हेंबर २०२५

ती. नंदूमामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. मागे तू फोनवर गुडघ्याच्या तेलाबद्दल बोललास आणि महिनाभर तुला तेलाच्याच जाहिराती येत राहिल्या. तेव्हापासून तू फोन फक्त ‘पोचलो’ म्हणायला वापरतोस. शिवाय माझा फोन ऑफिसने दिलेला आहे आणि पुढचा मजकूर ऑफिसने वाचावा असा नाही. म्हणून कागद.

आमच्या एजन्सीला एका सायकल कंपनीच्या जाहिरातींचं काम मिळालंय. आमच्या बॉस गंधाली मॅडम म्हणाल्या, सायकलवर न बसणाऱ्याने सायकल विकू नये. मग त्यांनी प्रत्येकाला सीटखाली लावायची एक डबी वाटली. ती किती किलोमीटर झाले आणि कधी झाले एवढंच मोजते आणि ऑफिसला आपोआप कळवते. डिसेंबरअखेर ज्याचे जास्त, तो या कामाचा प्रमुख.

मामा, मी सात वर्षं हिंगाच्या आणि संडास साफ करायच्या औषधाच्या जाहिराती लिहितोय. मला हे काम हवंय रे, मनापासून हवंय. आणि मला सायकल येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? तू रोज सकाळी मुलुंड ते कांजूरमार्ग आणि परत अशा दोन फेऱ्या मारतोसच. तर सोबत पाठवलेली डबी तेवढी सीटखाली लाव. तुझे पाय, माझं भविष्य.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो महिना दोन महिने पायांत उतरू दे.

तुझा
शौनक


मुलुंड (पूर्व)
७ नोव्हेंबर २०२५

चि. शौनक यास,
अ. उ. आ.

पत्र आणि डबी पोचली. डबी कालच लावली. तुझ्या मामीने आधी हे बरोबर नाही असं बजावलं आणि मग पाना तिनेच शोधून दिला.

तुमच्या ऑफिसचं मला काही कळत नाही. मागे तू म्हणालास की तिथे सगळे एक कुटुंब आहेत. मग कुटुंबातली माणसं रविवारी रात्री मेसेज टाकून सोमवारचा हिशेब मागतात का? आमच्या वजनमापे खात्यात काम होतं, कल्चर नव्हतं. तुमच्याकडे उलटं दिसतंय.

तुला सायकल आली नाही यात थोडी माझीही चूक आहे, मी शिकवायला कमी पडलो. तेव्हा ही भरपाई समज. अडुसष्टाव्या वर्षी कोणाला तरी आपल्या पायांचा उपयोग होतोय, याचा मला आनंदच आहे. आज नाहूरच्या पुलावर एक पोरगा मोटारसायकलवरून पुढे गेला, त्याला मी सिग्नलला गाठला.

जेवणाच्या वेळा सांभाळ. मायेत कधी कमी पडू नये एवढंच मागणं.

तुझा
नंदूमामा


अंधेरी (पूर्व)
१९ नोव्हेंबर २०२५

ती. नंदूमामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, जरा हळू! माझं घर ऑफिसपासून दोन किलोमीटरवर आहे आणि डबी रोज तीस दाखवतेय. मी म्हणतो, लांबून फिरून येतो. लोक विचारतात कुठून, मी म्हणतो मनाला येईल तिथून. परवा सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ‘मी’ जोरात सायकल चालवत होतो आणि त्याच वेळी गंधाली मॅडमसमोर बसून पोहे खात होतो. सायकल वॉचमनने नेली असेल अशी थाप मारली. तर कृपा करून नऊच्या आत घरी ये.

वाट लागली म्हणजे पूर्ण लागली नाही अजून, पण लागेल. शेजारच्या टेबलावरचा सुबोध बसने येतो आणि शून्य किलोमीटर असं सरळ सांगतो. त्याने मला विचारलं, घरच्या सायकलची चेन सारखी उतरते, काय करू? मी म्हटलं, तिला घाई करू नकोस. मग मॅडमनी नवीन मुलांसमोर ‘सायकल आणि मी’ यावर बोलायला लावलं. वीस मिनिटं बोललो. दोघांनी त्याच संध्याकाळी सायकली घेतल्या. जाहिरात मला येते हे तरी सिद्ध झालं.

लोभ वाढव, वेग कमी कर.

तुझा
शौनक


मुलुंड (पूर्व)
२४ नोव्हेंबर २०२५

चि. शौनक यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र बऱ्याच दिवसांत नाही. पण माझ्याकडे महत्त्वाची बातमी आहे. तुमची डबी खोटी आहे.

मला पहिल्या आठवड्यापासून संशय होता. शेवटी तीस मीटरचा टेप काढला, एक टोक तुझ्या मामीच्या हातात दिलं आणि पहाटे मिठागर रोडवर बरोबर एक किलोमीटर मोजून खडूने खुणा केल्या. रस्ता झाडणाऱ्या सोनूबाई विचारत होत्या की रस्ता रुंद करणार आहेत का. त्या अंतरावर दहा वेळा सायकल चालवली. डबी प्रत्येक वेळी नऊशे चाळीस मीटर दाखवते. किलोमीटरमागे साठ मीटरची तूट!

चौतीस वर्षांत मी एका भाजीवाल्याचा काटा सोडला नाही, तर यांना सोडू? तुमच्या गंधालीबाईंना रीतसर तपासणी अहवाल पाठवला आहे. खाली सही आणि निवृत्तीनंतर स्वतः करून घेतलेला ‘सेवानिवृत्त निरीक्षक’ हा शिक्का. शनिवारी स्पीड पोस्टाने धाडला, पोचपावतीसह. तुझा एक मीटरही बुडता कामा नये.

तुझ्यावरचा जीव मापात बसत नाही, हे सांगायला नकोच.

तुझा
नंदूमामा

ता. क. शौनक, मी मामी लिहितेय. हे पाकीट बंद करतानाच तुझं १९ तारखेचं पत्र आलं. ह्यांनी ते वाचलं. आपण कोणाचे किलोमीटर कोणाला कळवले, ते आत्ता डोक्यात शिरलं. तेव्हापासून गॅलरीत बसलेत, चहा निवला. आता तुझं तूच बघ बाबा.


अंधेरी (पूर्व)
१ डिसेंबर २०२५

ती. नंदूमामास आणि सौ. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तुझा अहवाल, गोल शिक्क्यासकट. मी मनातल्या मनात ड्रॉवर रिकामा करायला घेतला. आणि मॅडम उठल्या, त्यांनी माझा हात हातात घेतला!

मामा, तुझ्या सरकारी मराठीला साष्टांग नमस्कार. वर माझं नाव आणि खाली ‘सदर डबी बसविलेली सायकल प्रत्यक्ष चालवून तपासली असता’ एवढंच तू लिहिलंयस. रोज कोण चालवतं याचा त्यात शब्द नाही. त्यांना वाटलं, मी माझी डबी तज्ज्ञाकडून तपासून घेतली. एवढा काटेकोर माणूस आम्हाला हवाच होता, म्हणाल्या. तुझा अहवाल मीटिंगमध्ये वाचून दाखवला आणि तूट भरून माझे सातशे वीसचे सातशे सहासष्ट केले. माझ्यामागचा माणूस एकशे नव्वदवर आहे. त्यामुळे स्पर्धा तिथेच संपवली. मामा, मी प्रमुख झालो! झकास ना? सायकल कंपनीची माणसं पंधरा तारखेला येतायत.

रविवारी पेढे घेऊन येतो. लोभ आता साखरेत घोळून ठेव.

तुझा
शौनक


मुलुंड (पूर्व)
५ डिसेंबर २०२५

चि. शौनक यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी बातमी वाचून बरं वाटलं. सात वर्षं तू कसा धुमसत होतास ते मला माहीत आहे. पण रविवारी येण्याआधी हे वाच. ह्यांना न सांगता लिहितेय.

बुधवारी तुझं पत्र आलं तेव्हापासून ह्यांनी सायकल काढलेली नाही. चाकात हवा नाही म्हणतात. मी दाबून पाहिलं, चाक दगडासारखं आहे. कपाटातून तो शिक्का काढतात, पुसतात, परत ठेवतात. काल मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, “पद्मजा, साठ मीटरची चोरी पकडली आणि सातशे सहासष्ट किलोमीटरची स्वतः केली.” चौतीस वर्षांत त्यांच्या सहीवर खोटा आकडा गेला नव्हता रे. मग मलाच दटावलं की शौनकला कळवू नकोस, पोराला हवं ते मिळालंय.

मी तुला कर म्हणत नाही आणि नको करूस असंही म्हणत नाही. पाना मीच शोधून दिला होता, मला कुठे तोंड आहे? पण माणूस जेवत नाही हे तुला ठाऊक असावं. ये, पेढे नकोत.

माया आहे तशीच आहे.

मामी


अंधेरी (पूर्व)
९ डिसेंबर २०२५

ती. नंदूमामास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी आलो नाही, कारण तुझ्यासमोर बसून मला हे सांगता आलं नसतं. मामीवर रागावू नकोस, तिने मला सगळं लिहिलं. काल मी मॅडमना सांगून टाकलं. सगळं, पोह्यांसकट.

त्यांनी तुझा अहवाल काढून पुन्हा वाचला. मग विचारलं, मामा अडुसष्टाव्या वर्षी खरंच रोज तीस किलोमीटर जातात? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, तुझ्या बोलण्यातली तेवढीच एक गोष्ट मला आवडली. काम सुबोधला दिलं. त्याचं शून्य होतं, पण खरं होतं. मला काढलं नाही, कारण हिंगवाल्या शेटजींना माझ्याशिवाय कोणाचं लिहिलेलं पटत नाही. सायकली घेतलेले ते दोघे लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाहीत. वाईट वाटलं मामा, फार वाटलं. सुबोधने आज विचारलं, जाहिरातीची पहिली ओळ लिहून देशील का, नाव माझं लागेल. आधी आग झाली अंगाची. मग हो म्हटलं. निदान आता मला कळेल, दुसऱ्याचं नाव लावून चालवताना कसं वाटतं ते.

तुझा अहवाल मॅडमकडून मागून घेतला, सोबत जोडलाय. त्यातली डबीची तूट खरी आहे, त्यांनी सगळ्या डब्या बदलायला पाठवल्या. म्हणजे तुझ्या सहीखाली आता एकही खोटा आकडा नाही. कागद फाड नाहीतर फाइलला लाव.

डबी काढून पोस्टाने परत पाठव. आणि हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सायकल बाहेर काढ. नऊच्या आत यायची गरज नाही. नाहूरला जा, कांजूरला जा, वाटेत थांबून चहा पी. किती झाले ते मला कळवू नकोस.

जेवलास एवढं मात्र कळव.

तुझा
शौनक