आठव्या दिवसाआधीची पावडर

तार्क्वा
घाना, २ मार्च १९८८

ति. मोठ्या आईस,
मेन्सिमाचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेली सुकी मासळी रेल्वेच्या गार्डने न हरवता पोचवली. सासूबाईंनी ती हुंगून पाहिली आणि म्हणाल्या, सेकोंडीच्या बायका मासळीत मीठ आणि बोलण्यात मिरची जरा जास्तच घालतात. तुझा जावई फीफी हसला, म्हणून मी त्याला कालच्या कालवणातला मोठा तुकडा दिला नाही. मला सातवा लागला. पाय सुजतात, बाकी ठीक.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दवाखान्यातल्या सिस्टर अफ्रीयी प्रत्येकीला विचारतात, बाळाच्या अंगाला काय काय लावणार? मी तुझ्या पावडरीचं नाव सांगितलं. त्यात काय असतं, असं त्यांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही. आई गेल्यावर तुझ्या अंगणात वाढले, सहा वर्षं चाळणी धरली, आणि मला सांगता आलं नाही. मिश्रण करताना तू दार लावून घ्यायचीस आणि आम्हा मुलींना फक्त चाळायला द्यायचीस, हे सिस्टरना सांगून काय उपयोग?

सासूबाईंनी तुझे दोन डबे आणून कपाटात ठेवलेत. पहिल्या आंघोळीपासून बाळाला लावायची, आणि आठव्या दिवशी बाळाला बाहेर काढून नाव ठेवताना माझी मान आणि खांदे पांढरे करायचे. म्हणून विचारते, राग मानू नकोस. त्यात जे जे असतं ते सगळं लिहून कळव. प्रमाण नको, फक्त नावं.

लोभ आहे तसा राहू दे.
तुझी मेन्सिमा


सेकोंडी
१० मार्च १९८८

चि. मेन्सिमा हिस,
ओतुवाचे अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण एकदा वाचून ते तूच लिहिलंयस हे पटेना. पोटात बाळ आणि डोक्यात सिस्टर, अशी तुझी गत झालेली दिसते. तुझ्या सासूबाईंना सांग की मिरची सेकोंडीचीच आहे, आणि ती खाऊनच त्यांच्या मुलाला बायको आवडली.

ज्या पावडरीने तुला मी पिठात घोळवलेल्या मासळीसारखी पांढरी करून उन्हात ठेवायची, तिची आज तुला चौकशी करायची आहे. या हातांनी घरातली बारा मुलं पावडरली. बाराच्या बारा चालती-बोलती आहेत, आणि त्यातली एक मला उलट पत्रं लिहिते.

तरी घे. सात पाण्यांनी धुतलेलं कसाव्याच्या कंदाचं सत्त्व. नदीकाठची पांढरी माती, भाजून. संत्र्याची वाळवलेली साल, वासापुरती. संपलं. एवढ्यासाठी बाजारातल्या बायका तीस वर्षं माझ्या दाराला कान लावून बसल्या आणि तुला मी ते टपालाच्या तिकिटावर दिलं. आता तुझ्या सिस्टरने तिन्हींची नावं वहीत लिहावीत आणि गप्प बसावं.

पाय उंच ठेवून झोप. माझी माया तुला ठाऊक आहे, ती परत लिहायला लावू नकोस.
तुझी मोठी आई


तार्क्वा
२१ मार्च १९८८

ति. मोठ्या आईस,
मेन्सिमाचा सा. न. वि. वि.

तुझी यादी सिस्टरना दाखवली. त्यांचं म्हणणं मी दोनदा विचारून घेतलं, म्हणजे लिहिताना चूक नको. नव्या बाळाच्या कातडीला पाणी आणि मऊ कापड याखेरीज काही लागत नाही. बारीक धूळ श्वासातून छातीत उतरते, मग ती कितीही चांगल्या हातची असो. हे तुला आवडणार नाही. मलाही आवडलं नाही.

पण मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीमुळे. तू लिहिलेल्या तिन्ही गोष्टींनी डोळे चुरचुरत नाहीत. चाळताना माझ्या डोळ्यांना धार लागायची, आणि तू म्हणायचीस की ही मेन्सिमा कांदा न कापताच रडते. काल मी कपाटातला डबा उघडला. आधी संत्र्याचा वास आला, आणि त्याच्या मागून दुसरा एक. जुन्या पेटीतल्या कपड्यांसारखा.

चौथं काय आहे, मोठी आई? तू खोटं लिहिलंस असं मी म्हणत नाही. तू कधी खोटं बोलली नाहीस. म्हणूनच विचारते.

उत्तराची वाट पाहते, आणि रागाचीही.
मेन्सिमा


सेकोंडी
१ एप्रिल १९८८

चि. मेन्सिमा हिस, आशीर्वाद.

चौथं काही नाही. तू म्हणतेस तो वास डांबरगोळ्यांचा. कसाव्याच्या सत्त्वाला किडा लागतो, हे तुला कळायला हवं होतं. एका पातेल्याला दोन गोळ्या कुटून टाकायच्या, की वर्षभर किडा फिरकत नाही. तू जन्मलीस त्या वर्षापासून टाकते आहे. पण त्या काही पावडरीत मोजायच्या नसतात. त्या किड्यांसाठी असतात. उंदीर येऊ नयेत म्हणून स्वयंपाकघरात मांजर पाळतात, म्हणून कोणी कालवणात मांजर घातलं असं म्हणतं का?

परवा मासळी बाजारात तुझ्या सासूबाईंची चुलतबहीण भेटली. तिने चारचौघींत विचारलं की ओतुवाच्या घरचीच मुलगी ओतुवाच्या डब्याला नाक का मुरडते? मी हसले. घरी येऊन जेवले नाही.

तू माफी मागेपर्यंत मी लिहिणार नाही. तब्येतीला जप.
ओतुवा


तार्क्वा
१० एप्रिल १९८८

ति. मोठ्या आईस, सा. न. वि. वि.

माफी मागत नाही. तू जेवली नाहीस याचं वाईट वाटतं, त्याची मागते. पावडरीची नाही.

काही मुलांचं रक्त जन्मतःच असं असतं की डांबरगोळीचा नुसता वास वा धूळ त्याला सोसत नाही, असं सिस्टर सांगतात. रक्त फुटतं, डोळे पिवळे होतात, मूल पिवळं पडत जातं, पाजलं तरी पीत नाही. आपल्या किनाऱ्यावर असं रक्त पुष्कळांचं असतं आणि मुलग्यांना त्याचा त्रास जास्त. बाकीचे सहज वाढतात. माझ्यासारखे. तुझ्या बारांसारखे.

आता मी जे लिहिते ते आपल्यात कोणी लिहीत नाही. मी पाच वर्षांची होते तेव्हा आईला, तुझ्या सख्ख्या बहिणीला, मुलगा झाला. तो पिवळा होता. सहाव्या दिवशी तो घरात नव्हता आणि आईला रडू देत नव्हते. आठवा दिवस न पाहता गेलेला पाहुणा असतो, तो आपला नव्हताच, त्याला मोजायचं नाही, असं तूच तिला सांगत होतीस. मी दाराआड होते.

तू बारा मोजलेस. आठव्या दिवसाआधी गेलेले किती, मोठी आई? तेवढं मोज. ते मुलगे होते का, पिवळे होते का, तेही.

तोवर माझ्या बाळाला तुझी पावडर लागणार नाही. सासूबाईंच्या हातची नाही, तुझ्याही हातची नाही. त्यासाठी वाईट सून आणि कृतघ्न मुलगी व्हावं लागलं तर होईन.

तरीही तुझीच,
मेन्सिमा


तार्क्वा, दवाखाना
रविवार, ८ मे १९८८

ति. मोठ्या आईस, सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही, तरी कळवणं माझं काम. गुरुवारी घरीच मुलगा झाला. म्हणजे गुरुवारचा एकोव, नाव ठेवण्याआधीच वाराचं नाव घेऊन आलेला.

शुक्रवारी मी आंघोळीला गेले तेवढ्यात सासूबाईंनी त्याला मानेपासून टाचेपर्यंत पावडर लावली. मी ओरडले. अशी कधीच कुणावर ओरडले नव्हते. त्या म्हणाल्या, पावडर नसलेलं बाळ आणि पांढरी मान नसलेली बाळंतीण पाहून लोक विचारतील, या घरात आनंद झाला की दुःख? मी एक डबा केळीच्या बुंध्याशी ओतला. दुसरा त्यांनी लपवला.

काल त्याचे डोळे पिवळे दिसले, तसं त्याला इथे आणलं. सिस्टरनी त्याला धुऊन घेतलं, टाचेतून रक्त काढलं. रक्त तसंच निघालं, मोठी आई. थोड्या पावडरीवर निभावेल असं त्यांना वाटतं, पण वाटतं एवढंच. मी दर तासाला त्याच्या डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहते. तो चिडतो. चिडला की मला बरं वाटतं.

फीफी आईशी बोलत नाही. मला ते नको आहे, पण आत्ता सांगायला ताकद नाही.

मेन्सिमा


सेकोंडी
१० मे १९८८

चि. मेन्सिमा हिस, आणि एकोवला, ओतुवाचे अ. आ.

हे पत्र सकाळच्या गाडीच्या गार्डच्या हाती देते आहे. त्याला सांगितलंय, हरवलंस तर सेकोंडीत उतरू नकोस.

उत्तर दिलं नाही कारण मोजायला महिना लागला. आकडा मोठा नव्हता. ज्यांना मोजायचं नाही त्यांना शोधत बसावं लागतं, म्हणून वेळ लागला.

तीन. तिन्ही मुलगे, तिन्ही पिवळे. गोळ्या घालू लागण्याआधी या घरातून असं कोणी गेलं नव्हतं. ते गोळ्यांनीच गेले असं मी शपथेवर सांगू शकत नाही, तुझी सिस्टरही सांगू शकणार नाही. पण सांगता येत नाही म्हणून विकत राहायचं, एवढी निर्लज्ज मी नाही.

सगळा माल खड्डा करून पुरला. विकलेले डबे बाजाराच्या तोंडाशी उभी राहून परत मागते आहे. बायका म्हणतात, ओतुवाला उन्हाचं वेड लागलं. मी म्हणते, वेडीचा डबा घरात कशाला ठेवता, आणा इकडे. ज्यात किडासुद्धा जगत नाही ते मी चोवीस वर्षं बाळांच्या गळ्याला लावत होते. एवढं एक वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा बोलते. ऐकून ऐकून समोरची पेरूवालीही बोलते.

आठव्या दिवशी मी येणार नाही. माझ्या हाताला तो वास आहे आणि मला तो येत नाही, हेच वाईट. माझ्याऐवजी हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. वडीलधारे म्हणतील, नव्या बाळासमोर गेलेल्यांचं नाव काढू नये. म्हणू दे. नाव ठेवायला आपण आठ दिवस थांबतो, पण वार कुणासाठी थांबत नाही. तिघांनाही जन्मतःच वाराचं नाव मिळालं होतं. रविवारचा क्वेसी, तो माझा. मंगळवारचा कोबिना, तोही माझा. शनिवारचा क्वामेना, तो तुझ्या आईचा. मी तिला रडू दिलं नाही.

एकोवच्या पापण्या वर करत राहा. चिडू दे त्याला.
ओतुवा


तार्क्वा
१३ मे १९८८

ति. मोठ्या आईस, सा. न. वि. वि.

बुधवारी सिस्टरनी घरी सोडलं. डोळे पांढरे आहेत. सकाळी उजेडात पाहिले, दुपारी पाहिले, आणि फीफीलाही पाहायला लावलं, कारण माझ्या नजरेवर माझा भरवसा नाही.

काल पहाटे त्याला बाहेर काढलं. जिभेवर पाणी टेकवलं, मग मद्य, म्हणजे पुढे पाण्याला पाणी आणि मद्याला मद्य म्हणेल, खोटं बोलणार नाही. मी पांढरं नेसले होते आणि मान उघडी ठेवली होती. सगळ्यांच्या नजरा तिथेच. सासूबाई लपवलेला डबा उघडून माझ्यामागे उभ्या होत्या. मी तुझं पत्र काढलं.

तू तिघांची नावं लिहिली आहेस तिथे फीफीचे थोरले काका उठले आणि म्हणाले, मुली, पुरे, हे ऐकून बाळ परत जाईल. मी त्यांना म्हटलं, काका, याला जे परत पाठवत होतं ते त्या डब्यात आहे, या कागदात नाही. मी ती ओळ परत पहिल्यापासून वाचली, जास्त मोठ्याने.

वाचून झालं. मग सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या की त्यांचीही एक आहे. शुक्रवारची, एफुआ. फीफीला बहीण होती हे त्याला काल कळलं. तो उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला. मग त्याची आत्या म्हणाली, माझे दोन. मग शेजारची म्हातारी, जिला ऐकू येत नाही असं आम्ही समजत होतो, तिने बोटं वर केली.

ऊन चढेपर्यंत बायका सांगत होत्या. काका अंगणातून गेले नाहीत.

आता तू ये. हात धुऊन ये, नाहीतर न धुता ये, मी धुईन.

तुझी मेन्सिमा